दुसऱ्या कॅमेऱ्यातलं चित्र

मोहना, तो फोन उलटा ठेव बरं. नाहीतर मी चाललो झोपायला. दमलोय मी. आणि इरा, हसायचं नाही, ऐकणार असशील तर ऐक. आपल्या वरच्या मजल्यावरचे दळवी, गोविंद, अग्निशमन दलातले, त्यांची गोष्ट आहे. ते स्वतः कुणाला सांगत नाहीत; जुना मित्र म्हणून मला एकदाच सांगितली.

२०२३ ची दिवाळी. पाडवा, म्हणजे इथल्या गुजराती लोकांचं नवं वर्ष, बेसतुं वरस, मंगळवार, चौदा नोव्हेंबर. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, चिवड्याचा डबा भरला आणि म्हणाल्या, "स्टेशनवरच्या पोरांना देऊन या, तीन दिवस घर बघितलं नाही बिचाऱ्यांनी." गोविंद चप्पल घालून स्कूटरवर निघाला. त्याची ड्यूटी नव्हती. आगीवर जाणं त्यानं सोडलंच होतं, टेबलाचं काम बघायचा.

का, ते सांगतो. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून आत जाणारा माणूस उष्णता दाखवणारा कॅमेरा नेतो. गरम ते पांढरं, गार ते काळं. बाहेरच्या साहेबाच्या हातात रिसीव्हर असतो, ट्रान्झिस्टरएवढा. आतलं चित्र बिनतारी त्याच्या पडद्यावर येतं. ह्यांच्याकडे कॅमेरे दोन, रिसीव्हर एक. बटण दाबलं की चित्र बदलतं, कोपऱ्यात त्या कॅमेऱ्याचा आकडा येतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसरा कॅमेरा घेऊन आनंद, त्याच्या हाताखालचा जवान, आत गेला. मध्येच पडदा काळा झाला. गोविंदला वाटलं, बॅटरी गेली असेल. दोन मिनिटं थांबला. त्या दोन मिनिटांत आनंद गेला, कॅमेरा वितळून गेला. तेव्हापासून गोविंदला धड झोप नाही. मला फार वाईट वाटायचं रे त्याच्याकडे बघून.

तर डबा टेबलावर ठेवतोय तोच फोन वाजला. रात्रीचे पावणेबारा झाले होते. नागरवाड्यात घराला आग, फटाक्यानं. बाकीच्या गाड्या आधीच बाहेर. उरले कोण, चालक आणि अनिश, पंचवीस वर्षांचा. अनिशनं रिसीव्हर गोविंदच्या हातात कोंबला. "चला साहेब, दुसरं कोणी नाही."

गल्लीत बायका ओरडत होत्या, "बा उपर छे! बा उपर छे!" म्हणजे घरातली आजी वर अडकली आहे. चालक पंपावर. जोडीदाराची वाट न बघता अनिश उरलेला एक नंबरचा कॅमेरा घेऊन एकटाच वर गेला. आणि पाचच मिनिटांत शेजारच्या ओट्यावर त्या बा सापडल्या, पाणी पीत बसलेल्या.

गोविंदनं वॉकीटॉकीवर सांगितलं, "अनिश, वर कोणी नाही. खाली ये."

"साहेब... कॅमेरा बंद पडला. जिना दिसत नाही."

पडदा काळा.

पुन्हा तेच. ह्या वेळी थांबायचं नाही म्हणून गोविंद बटण दाबत सुटला. एकदा. दोनदा. तीनदा.

पडदा उजळला.

एक पाठ दिसली. पाठीवर सिलिंडर. अनिश रांगत होता आणि कोणीतरी त्याच्या मागून बघत होतं.

"अनिश, मागे कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही, साहेब. एकटाच आहे मी."

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता. दोन.

आनंदचा कॅमेरा.

आता सांगा, काय करायचं माणसानं? पोराचा जीव त्या चित्रावर होता. विश्वास ठेवावा तर हे असं. न ठेवावा तर...

"अनिश," तो म्हणाला, "मी सांगतो तसा ये. डावीकडे. भिंत लागेल. अजून पुढे... थांब. खाली पायरी आहे."

चित्र अनिशच्या मागोमाग येत राहिलं. एक पायरी. दुसरी. वळणावर चित्र थांबलं. अनिश पुढे गेला. लहान झाला. मग पडदा विझला.

अनिश दारात येऊन कोसळला. गोविंदनं त्याला कमरेत धरलं, तर हाताला दोर लागला. धुरात दोघं जातात तेव्हा एकमेकांना कमरेला बांधून घेतात, तसाच बांधलेला.

"मी दोर घेतलाच नव्हता, साहेब."

दोर जिन्यातून वर गेला होता. ताठ. गोविंदनं ओढला. हलला नाही. "आनंद..." एवढंच म्हणाला तो. दोर हातातून सोडला नाही.

मग दोर सैल पडला. गोविंद हळूहळू ओढत राहिला. सगळा दोर खाली आला. दुसऱ्या टोकाला माणसाच्या कमरेएवढा वेढा होता. गाठ तशीच, घट्ट. सुटली नव्हती, जळली नव्हती. वेढा रिकामा होता.