साडेचार

प्रयोगशाळेतल्या मापकावर अखेर शून्य उमटलं.

"फोन बंद केला तरी त्याच्या मंडलांतून वीज झिरपतच असते," शाल्मली नाडगौडा तांबोळीसरांना सांगत होती. "माझं शून्यद्वार ती झिरपही तोडतं. वर्षभर बंद ठेवा, बॅटरी तेवढीच."

"आणि घड्याळ? ते त्या थेंबभर विजेवरच चालतं."

"थांबेल. फोन चालू केला की नेटवर्ककडून वेळ मिळतेच की."

शून्यद्वार बसवलेला पहिला फोन तिनं धाकट्या भावाला दिला. निनाद भूगर्भतज्ज्ञ, घाटातल्या बोगद्यावर कामाला. स्वभाव मात्र उतावळा. कुकरची शिट्टी होईपर्यंत चारदा ओट्याशी डोकावणारा.

आठवड्याभरातच एका दुपारी सव्वाचारला बोगदा ढासळला, निनाद आणि दोन मजूर आत अडकले. आतला नेटवर्कचा खांबही गाडला गेला. तिथला नियम साधा होता: अडकलात तर फोन बंद करून बॅटरी वाचवा, साडेचारला चालू करून तसाच ठेवा. पाळी बदलते, यंत्रं थांबतात, तेव्हा बाहेरून फोनच्या लहरींचा कानोसा घेतला जाईल.

दोन्ही मजूर साडेचारच्या आधीच सापडले. त्यांच्या बंद फोनची झिरप शोधयंत्रानं हेरली. निनादच्या फोनला झिरपच नव्हती. शाल्मलीला स्वतःच्या हुशारीची शिसारी आली. ती बोगद्याच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत राहिली. दोन दिवस साडेचार वाजले, काहीच आलं नाही. मध्येच शोधयंत्राच्या पडद्यावर काहीतरी लुकलुकायचं आणि दिशा धरेपर्यंत विझायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, यंत्रं थांबवून लोक चहा घेत असताना, खूण उमटली आणि टिकली. दुपारपर्यंत निनादला बाहेर काढलं.

"नियमाप्रमाणे साडेचारलाच चालू ठेवला, ताई," तो पुटपुटला. "पण काय लांबली गं ही दुपार. दर वेळी बघावं तर सव्वाचारच. मग कधीतरी चार वाजून सोळा मिनिटं, सतरा..."

शाल्मलीला उलगडा झाला. बंद फोनमध्ये घड्याळ थांबत होतं. तो फोन चालू करून बघायचा तेवढा वेळच ते पुढे सरकायचं. त्याच्या नुसत्या बघण्यातून सव्वाचारचे साडेचार झाले होते.

"किती वेळा बघितलंस रे?"

"सारखंच. राहवतंय कुठं? रागावू नकोस."

जन्मभर त्याला ‘जरा धीर धर’ म्हणत आलेली शाल्मली त्याचा हात घट्ट धरून बसली. त्यानं धीर धरला असता तर साडेचार वाजलेच नसते.