शेवटचा डंपर

"हो मागं! लबाडाची पोर ती! निशाणाजवळ उभी राहायची नाय!"

वरंध घाटाच्या खालच्या नाक्यावर मुकादम गोमाजी नीलावर खेकसला. घाटात रस्त्याचं काम चाललं होतं, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सुटत. प्रत्येक रांगेच्या शेवटी वायरलेस बसवलेला पिवळा डंपर असे. तो पोचला की रस्ता मोकळा! मग समोरच्यांना हिरवं निशाण.

परवा नीलाचे बाबा, सहदेव, हिरव्या निशाणावरच निघाले आणि वळणावर समोरून टेम्पो! देवाची कृपा, म्हणून वाचले. पण "हा लालवर घुसला!" म्हणत गोमाजीनं जीपची चावी काढून घेतली. आज रस्त्याच्या कामाचे साहेब येऊन जीपला घाट कायमचा बंद करणार होते. घर तर त्या जीपवरच चालत होतं!

"बाबा खोटं बोलत नायत," नीला पुटपुटली.

"चल, वरून बघू!" मुंबईहून सुट्टीला आलेला आतेभाऊ पियुष म्हणाला. "इथे हा खडूस बघू देणार नाही."

दोघं टेपाडावर चढली. वरून रांग उतरत होती. सगळ्यात मागे डंपर, त्याच्या पुढे रखडत चाललेला लाकडांचा ट्रक. आणि मधल्या रुंद जागेवर डंपरनं ट्रकला चक्क मागे टाकलं!

"अरे, शेवटचा तर आता ट्रक झाला! पळ!" नीला ओरडली.

दोघं धापा टाकत खाली पोचली, तोवर डंपर नाका ओलांडून गेला होता आणि साहेबही आले होते. गोमाजीनं हिरवं निशाण उचललं. माणसांनी भरलेली एसटी गुरगुरली.

"काका, थांबा! मागून ट्रक येतोय!"

"डंपर आला म्हणजे सगळे आले! बापासाठी थापा मारतेस?"

पियुष सरळ एसटीपुढे हात पसरून उभा राहिला.

"मरायचंय काय रे कार्ट्या?" ड्रायव्हर ओरडला. गोमाजी, साहेब, सगळे पियुषवर धावले. तेवढ्यात नीलानं गोमाजीनं पिंपावर ठेवलेला वायरलेस उचलला, बटण दाबलं आणि वरच्या नाक्यावर निशाण दाखवणाऱ्या शर्मिलाताईसारखा आवाज जाड केला.

"कोंडाजी, वरच्या नाक्यावरून शर्मिला बोलतेय. लाकडांचा ट्रक कुठं राहिला रे?"

खरखर झाली. मग डंपरवाल्या कोंडाजीचं खदखदून हसणं!

"येतोय रांगत मागनं! भूक लागली गो ताई, परवा टेम्पोला टाकला तसा त्यालाबी मागं टाकला! गोमाजीला काय कळतंय? डंपर दिसला की हलवतो निशाण!"

गोमाजीनं झटकन हिरवं निशाण खाली घेतलं. पुढच्याच क्षणी वळणावर भोंगा वाजला आणि ओंडक्यांनी भरलेला ट्रक डुलत खाली आला.

एसटीचा ड्रायव्हर घाम पुसत उतरला. "पोरांनो, अख्खी गाडी वाचवलीत!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले आणि गोमाजीकडे वळले. "चावी?"

गोमाजीनं मान खाली घालून चावी नीलाच्या हातात ठेवली. थोड्या वेळानं बाबांची जीप नाक्यावर आली. गोमाजीनं वायरलेस तोंडाशी धरला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"वरचा नाका, ऐका. सहदेवची जीप सोडतोय... माणूस खरा हाय."

वरून उत्तर आलं, "ऐकलं! सगळ्यांनी ऐकलं!"