दोनदा भुंकला की दार उघडायचं

"भोंगा पळून गेला म्हणता, तर जाताना स्वतःचं जेवणाचं भांडंही बरोबर घेऊन गेला का?"

हा प्रश्न खरं तर स्वप्नाचा नव्हताच. शाळेच्या मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. त्यात सगळ्यांच्या पुढे मधुवंती. "विचारून दाखव तुझ्या बाबांना! नाही विचारलंस तर तू भित्री!" आता, मागच्याच महिन्यात अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकून पहिली आलेली मुलगी भित्री कशी म्हणवून घेईल? शनिवारी रात्रीच्या जेवणात, पोळी मोडता मोडता, तिने विचारून टाकलं.

बाबांचा हात वरणाच्या वाटीवर थांबला. आईने उगाच उठून नळ बंद केला. नळ बंदच होता!

बस. उत्तर मिळालं.

सुखदेव मेश्राम मालगाडीचे लोको पायलट. रात्रभर इंजिन चालवायचं आणि दिवसा शास्त्री नगरच्या घरात पडदे ओढून झोपायचं. त्यांचा कुत्रा भोंगा मात्र दिवसा भुंकायचा. आवाज असा, की नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. शेजाऱ्यांनी तीनदा सांगून पाहिलं, चौथ्यांदा सह्या गोळा केल्या.

"इंजिनात डोळा लागला असता तर, पोरी?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "मागं अठ्ठावन्न डबे असतात."

"कुठे सोडलंत त्याला?"

"आमेरच्या पलीकडं. डोंगरात. राजांचा जुना शिकारीचा बुरूज आहे ना, तिथं. सोमवारी."

आज शनिवार! स्वप्नाने ताट सरकवलं. "उद्या पहाटे मला तिथे न्यायचं. तो जिवंत असेल तर घरी आणायचा, आणि नसेल तर तुम्ही तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा."

आई काही बोलायला गेली. "तू गप्प बस आई, तुला माहीत होतं," असं स्वप्ना म्हणाली आणि आई ताटं उचलू लागली.

रात्रीच स्वप्नाचा फोन गेला होता; पहाटे पाचला मधुवंती वैशाली नगरहून वडिलांच्या गाडीने येऊन हजर! घरी तिने 'पक्षी बघायला जातेय' अशी थाप मारली होती. जन्मात कधी सिग्नल न मोडलेले बाबा त्या दिवशी स्कूटरवर दोघींना मागे बसवून निघाले. जलमहाल मागे पडला, आमेर मागे पडलं, डांबर संपलं, मग कच्चा रस्ताही संपला. पुढे उरला तो नुसता अरवलीचा डोंगर, उन्हाळ्याने सोलून काढलेला. खुरटी झाडं, दगडांच्या घसरणी, आणि पाऊल ठेवाल तिथे काटा.

सात वाजले नाहीत तोच ऊन पाठीवर चाबूक मारू लागलं. बाबा पुढे, मुली मागे.

"पण तुला खरंच कळतं का गं तो काय म्हणतो ते?" मधुवंतीने धापा टाकत विचारलं.

"त्याचंच कळतं. बाकी कुत्र्यांचं नाही."

"आमचा पग तर दार उघडायचं असलं की खोकतो."

"मग त्याचं तुला कळतं. भोंगा पाणी हवं असेल तर एकदाच भुंकतो, खालच्या आवाजात, आणि वाट बघतो. चेंडू कपाटाखाली गेला की किरकिर करत सलग भुंकतो. आणि दोनदा भुंकला, मध्ये थांबून, दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत, की दार उघडायचं! लहानपणी एकदा योगायोगाने तसा भुंकला नि मी उघडलं. तेव्हापासून तेच आमचं ठरलं."

बाबा चालता चालता एकदम उभे राहिले. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

"मी त्याले बांधलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"सोडला, तर स्कूटरमागं पळत सुटला. एक किलोमीटर पळाला. मग परत आणून झाडाले बांधला. मले वाटलं कोणी बकऱ्यावाला येईल, नेईल. भांडं ठेवलं, पाणी ठेवलं. मी निघालो तर भुंकत राहिला. दोनदा. मग थांबून पुन्हा दोनदा. मले वाटलं शिव्या देऊन राहिला."

दगडावर सरड्याची शेपटी हलली, तेवढंच. स्वप्नाने बापाला तेवढ्यावर सोडलं नाही. "दुसरा आवाज वर चढत होता?"

"होय."

"शिव्या नव्हत्या, बाबा. तो तुम्हाला दार उघडा म्हणत होता. त्या उघड्या रानात! कारण आपल्या घरी असं म्हटलं की माणसं उठून येतात."

सुखदेवने मान खाली घातली. स्वप्ना त्यांना ओलांडून पुढे निघाली आणि त्यानंतर पुढेच राहिली.

बुरुजाच्या आधीच्या चढणीवर मधुवंतीच्या पायाखालची घसरण सुटली! दगडांचा लोंढा निघाला. ती बसल्या बसल्या वीस फूट खाली गेली, काट्यांच्या झुडपात अडकली म्हणून वाचली. हात रक्ताळले, पाण्याची एक बाटली खडकावर आपटून फुटली. पाणी जमिनीवर पडलं तसं दिसेनासंही झालं. उरली एक बाटली.

"ही भोंगाची," स्वप्ना म्हणाली.

"आणि आपण?"

"आपण त्याला बांधलं होतं ना? मग आपण थांबायचं."

"मी कुठे बांधलं होतं गं बाई!" मधुवंती रडवेली होऊन ओरडली, पण उठली आणि चालू लागली.

बुरूज आला. शेजारी ते झाड. बुंध्याला कपडे वाळत घालायची निळी दोरी, टोक चावून चावून पिंजलेलं. दोरी पुरत होती तेवढ्या घेरात माती उकरून गोल चर पडला होता. स्टीलचं भांडं उपडं पडलं होतं आणि त्यावरून मुंग्या चालल्या होत्या.

"भोंगा!" स्वप्नाने हाक मारली. डोंगराने ती तिलाच परत दिली. पुन्हा हाक. काही नाही. तिने भांडं उचललं आणि दगडाने बडवलं, घरी जेवणाच्या वेळी बडवायची तसं. ठण्! ठण्! ठण्!

दूर खालून आवाज आला. क्षीण, फाटका. एकदा. मग थांबून दुसऱ्यांदा, वर चढलेला.

"जिवंत आहे!" मधुवंती नाचायलाच लागली.

"आणि अडकलाय!" स्वप्ना म्हणाली. "मतलब, झाडीत शोधायचंच नाही. भिंती कुठे आहेत ते बघायचं. बाबा, इथे भिंतीचं काय आहे?"

"खाली नाल्यात जुनं कुंड आहे," बाबा म्हणाले, आणि धावले.

तिघेही धावले. काटे लागले, कळले नाहीत. नाल्यातल्या झाडावर वानरं खॉक् खॉक् ओरडत होती. वानरांची भाषा स्वप्नाला येत नव्हती. कुंडाची दगडी कड दिसली. चाळीस पावलं. तीस.

भुंकणं बदललं!

आता ते छातीतून येत होतं, न थांबता, प्रत्येक भुंकण्याच्या शेवटी दातांत दाबलेलं. असं भोंगा आयुष्यात एकदाच भुंकला होता. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात नाग निघाला तेव्हा. तो दारात आडवा उभा राहिला होता आणि कुणालाही आत जाऊ देत नव्हता.

"थांबा!" स्वप्नाने बाबांचा शर्ट मागून धरला. टर्रकन फाटला. "पुढे येऊ नका म्हणतोय!"

"अगं, पण..."

"बाबा, एकदा तरी ऐका त्याचं!"

ते थांबले. आणि कुंडाच्या कडेची सावली उठून उभी राहिली. ठिपक्यांची. बिबट्या! पाण्याच्या आशेने तो तिथे पडून होता. तसेच धावत गेले असते तर ते त्याच्या अंगावरच पडले असते. पिवळे डोळे. मागे वळलेले कान.

"पळायचं नाही," बाबा पुटपुटले. "पाठ दाखवायची नाही." त्यांनी स्वप्नाच्या हातातलं भांडं घेतलं. ठण्! ठण्! ठण्! तिघांनी बोंबा ठोकल्या. दगड उचलले, भिरकावले. बिबट्याने दात दाखवले. एक पाऊल पुढे. बाबा दोन पावलं पुढे! ठण्! मग त्याने अंग आकसलं आणि एका झेपेत नाल्याच्या पलीकडे गेला.

कुंडाच्या तळाशी चिखल, हाडं आणि पंजांचे ओरखडे. पाणी आत यायच्या अरुंद मोरीत भोंगाने स्वतःला कोंबून घेतलं होतं. तिथे बिबट्याचा पंजा पोचत नव्हता. मागचा पाय सुजून भोपळा झालेला, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. वरच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. आठ फूट उतरायला फक्त बाबाच जाऊ शकत होते. ते उतरले.

स्वप्ना कडेवर पालथी पडली. "भोंगा! मी आहे रे!"

शेपटी हलली. मोरीतून डोकं बाहेर आलं. मग त्याला बाबा दिसले.

तेच भुंकणं. नागासाठीचं. बिबट्यासाठीचं!

"काय म्हणतोय गं?" मधुवंतीने विचारलं. स्वप्नाने सांगितलं नाही.

सुखदेवने हात पुढे केला. भोंगाने चावा घेतला, आणि सोडला नाही. कोपरापर्यंत रक्त आलं. सुखदेवनेही सोडला नाही! तसाच चावणारा कुत्रा कवेत धरून ते भिंतीपाशी आले, त्याला डोक्यावर उचललं, वर सारलं. मुलींनी ओढून घेतला. भोंगा बाटलीतलं पाणी स्वप्नाच्या ओंजळीतून लपालप प्यायला आणि त्याने तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

"हात दे गं, स्वप्ना," खालून आवाज आला.

तिने वाकून पाहिलं. चिखलात बाप उभा होता, हात वर करून. पायऱ्या नव्हत्या. वानरं पुन्हा खॉक् खॉक् करू लागली होती.

तिने हात दिला नाही.

"स्वप्ना? हात दे ना, बेटा."

ती बघत राहिली. त्यांचा आवाज दुसऱ्यांदा वर चढला होता, हे तिला कळलं. तरीही आणखी थोडा वेळ ती बघत राहिली.

"वेडी झालीस का तू!" मधुवंतीने किंचाळून स्वतःची ओढणी काढली आणि खाली सोडली. मग दोघींनी मिळून ओढलं. हात न देऊन स्वप्नाला काय म्हणायचं होतं, ते बाबांना कळलं असावं.

उतरताना कुत्र्याला त्यांनीच खांद्यावर घेतलं. दुसरं कोण घेणार? सगळ्या वाटेवर भोंगा त्यांच्या कानाशी तेच भुंकत होता. भुंकून भुंकून घसा बसला, तरी भुंकत होता.

डॉक्टरांनी त्याच्या पायाला प्लास्टर घातलं आणि बाबांना पहिलं इंजेक्शन दिलं. "पोटात चौदा नसतात हं काका आता, दंडातच चार-पाच," असं सांगून मधुवंती धीर देत होती. दुपारी तीनला घर आलं. आईने दार उघडलं, भोंगाला पाहून पदर तोंडाला लावला. त्याने आईचा पाय चाटला. बाबा मागून उंबऱ्यात आले मात्र!

अख्खी गल्ली दणाणली. समोरच्या घराची खिडकी उघडली.

"अगं बाई, गप कर त्याले!" आई कळवळली. "तुझं ऐकते ना तो. सांग त्याले, हे आपलेच आहेत म्हणून."

बाबा उंबऱ्यातच उभे होते, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

स्वप्नाने भोंगाच्या पाठीवर हात ठेवला. गप्प केलं नाही.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "मी ठरवलंय. हा इथेच राहणार, आणि बाबांना बघून जितके दिवस भुंकायचं तितके दिवस भुंकणार. मी त्याला गप्प करणार नाही, तुम्हीही करायचं नाही. आपलेच आहेत हे बाबांनी त्याला पटवायचं, सहा महिने लागोत नाहीतर सहा वर्षं. आणि शेजारचे सह्या घेऊन आले, तर तो काय म्हणतोय आणि का म्हणतोय, ते मी त्यांना एकेका घरी जाऊन सांगणार आहे. आत्तापासून."

तिने पायात चपला सरकवल्या.