कवसरने वसतिगृह का सोडलं

"कोण आहे तो? नाव सांग!" फर्गलीची थप्पड एवढ्या जोरात बसली, की कवसर स्टोव्हवर आदळली आणि उकळत्या मसुराचं पातेलं तिच्या पायांवर उलटलं!

वसतिगृहाचं पत्र त्याच्या मुठीत चुरगळलं होतं. तुमची बहीण एकोणीस दिवस संध्याकाळच्या हजेरीला नाही, एवढाच मजकूर. बाप गेल्यावर जिला लेकीसारखं वाढवलं, साऱ्या गावाशी भांडून जिला असियूत शहरात औषधशास्त्र शिकायला पाठवलं, ती या गल्लीतल्या भाड्याच्या खोलीत सापडावी... त्याच्या काळजाला घरं पडली होती.

"कोणी नाही रे दादा! तिथं मगरिबलाच, दिवस मावळला की फाटक लावतात, रोज तेच बेचव जेवण... इथं मोकळं वाटतं."

मैत्रिणींनाही तिनं हेच सांगितलं होतं आणि त्यांना तिचा हेवाच वाटला होता.

"मोकळं? अब्रू वेशीवर टांगलीस आणि वर तोंड करून मोकळं वाटतं म्हणतेस!" त्यानं तिची वेणी धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा... दोनदा...

तोंडात रक्त आलं, तरी कवसर बोलली नाही. बोलली असती तर पडद्यामागचा जीव वाचला नसता! दहा वर्षांपूर्वी मनाजोगत्या माणसाबरोबर निघून गेलेली त्यांची थोरली बहीण बदरिया तिथं पडून होती. तिचा जीव घेईन, अशी फर्गलीनं मशिदीसमोर शपथ घेतली होती. आता बिचारी विधवा झालेली, कंबरेखाली लुळी. तिला कूस बदलून द्यायलासुद्धा कोणी नव्हतं. तिच्यासाठी आपण चवचाल ठरलो तरी चालेल, शिक्षण सुटलं तरी चालेल, असं कवसरनं मनाशी पक्कं केलं होतं.

एवढ्यात पडदा हलला.

"इथं लपलाय होय मेला!" फर्गलीनं कमरेचा सुरा उपसला आणि पडद्यावर झेप घेतली. कवसरनं धावत जाऊन ते पातं नुसत्या मुठीत धरलं! त्यानं हिसडा दिला... रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडाली.

"तिला सोड रे, फर्गली!" आतून फरफटत बदरिया बाहेर आली. "मला मार. माझ्यापायी या पोरीचे हाल नको करूस..."

त्यानं बदरियाकडे पाहिलं. मग कवसरच्या लोंबणाऱ्या बोटांकडे. सुरा खाली पडला आणि तो निघून गेला.

बारा दिवसांनी भरदुपारी गल्ली खिडक्या-दारांत गोळा झाली. फर्गली अनवाणी, उघड्या डोक्यानं येत होता आणि त्याच्या दोन्ही हातांवर त्याचं स्वतःचं कफन होतं! खुनाचं वैर मिटवायला पुरुष पुरुषासमोर असा जातो. ज्याचा अपराध केला त्यानं ते कफन उचलून घेतलं की माफी मिळाली. पण बहिणीच्या दारात ते नेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

उंबऱ्याबाहेर तो गुडघ्यांवर बसला. "घ्या, नाहीतर मान कापा... मी कसाई आहे गं!"

कवसरनं पट्ट्या बांधलेला हात पुढे केला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"दादा, मला नाही रे उचलता येत. बोटं मिटत नाहीत... आणि ताईला उठता येत नाही. तूच आत घेऊन ये."