टाकीएवढा मासा

औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात मी फक्त माशाचं खाद्य घ्यायला शिरले होते. काउंटरपाशी एक नवं जोडपं उभं होतं. नवरीच्या हातातला हिरवा चुडा अजून कोरा दिसत होता. ‘शार्क’ नावानं विकल्या जाणाऱ्या बोटाएवढ्या चंदेरी माशांकडे बघत तिनं विचारलं, “पण हे मोठे होतात ना?”

“नाही हो ताई,” दुकानदार म्हणाला. “मासा टाकीएवढाच वाढतो. टाकी लहान, तर मासा लहान.”

हेच वाक्य आणि असाच एक मासा काही वर्षांपूर्वी याच दुकानातून माझे वडील, अण्णा, घरी घेऊन आले होते. मला कौतुकानं सांगितलं होतं, “बघ प्रेरणा, जागा पाहून वाढतो. माणसापेक्षा शहाणा.”

“टाकीपाशी थांबत नाही तो,” मी म्हणाले. आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. “टाकीएवढा होतो, आणि मग वाकतो.”

जोडपं शार्क सोडून दोन इवल्या गप्पी घेऊन निघून गेलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. तिशीचा असेल. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

“ताई, गिऱ्हाईक तोडलंत माझं.”

“दुसरं येईल.”

“ते पण तोडाल.”

“हो.”

“म्हणजे रोज येणार?” तो हसू दाबत होता. “मग खुर्ची ठेवतो.”

मी मोठ्या गोळ्यांचा डबा पुढे केला. तो पाहून त्याचं हसू थांबलं. “एवढी मोठी गोळी? कुठला मासा आहे तुमच्याकडं?”

“तुमच्याच दुकानातला. येऊन बघा.”

रविवारी तो खरंच आला. नाव सत्यम. दुकान त्याच्या मामांचं, पुंजाराम मामांचं; आता तो सांभाळत होता.

टाकी अण्णांच्या खुर्चीसमोर होती. अण्णा हिवाळ्यात गेले, खुर्ची कुणी हलवली नव्हती. मासा माझ्या हाताहून लांब झाला होता. वळायचं तर त्याला अंग दुमडावं लागे. काचेवर घासून नाकाडावरची कातडी पांढरी पडली होती. संध्याकाळी दिवा लावण्याआधी मी टाकीवर शाल टाकत असे. नाहीतर तो दचकून आदळायचा.

सत्यम उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

“मामानं जे सांगितलं तेच मी सांगत आलो,” तो हळू म्हणाला. “दुकानातून मासा गेला की गेला. कुणाच्या घरी जाऊन कधी पाहिलंच नाही... नाव काय याचं?”

“अण्णा साहेबराव म्हणायचे.”

“साहेबराव, चुकलं,” तो काचेला म्हणाला. चेष्टा नव्हती ती.

“हर्सूलच्या तलावात सोडला तर?” मी विचारलं.

“नको. तिथल्या माशांच्या जिवावर उठेल. पडेगावला मावशीचं शेततळं आहे. बंदिस्त.”

“म्हणजे वाढवून विकायला?”

“भागूबाई मावशी माळकरी आहे. घरात अंडं आणलं तर भांडी अंगणात फेकते. साहेबराव तिथं म्हातारा होईल.”

मी चहा पुढे केला. “आणि दुकानातले?”

त्यानं कप खाली ठेवला. “ते लई खपतात हो. मी नाही विकले तर पलीकडचा विकेल.”

“त्याच्याशी मी पलीकडे जाऊन भांडेन.”

“मग माझ्याशी कोण भांडणार?”

हसू आलं होतं. येऊ दिलं नाही. “माझा एक सुटला म्हणून मी गप्प बसणार नाही. ते विकणार असाल, तर पुन्हा चहाला येऊ नका.”

तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. “पण ताई—”

“आणि ताई म्हणू नका.”

हे कुठून आलं, मलाच कळलं नाही. त्याला कळलं असावं. तो जिना उतरला, आणि शेवटच्या पायरीवर अडखळला.

मग काहीच नाही. ना फोन, ना निरोप. मी टाकीचं पाणी बदलत राहिले... त्याची वाट बघत नाही, असं स्वतःला बजावत राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दारात लोडिंग रिक्षा थांबली. मागे दोन निळे ड्रम. एक साहेबरावसाठी पाण्यानं भरलेला. दुसऱ्यात मी वाकून पाहिलं, तर चंदेरी गर्दी वळवळत होती.

“हे?”

“दुकानातले. सगळे,” सत्यम म्हणाला. “तळ्याच्या कोपऱ्यात जाळी लावलीय, लहान्यांना वेगळी.”

साहेबरावला आम्ही दोघांनी ओल्या चादरीत उचललं. आजारपणात अण्णांना कुशीवर वळवताना असंच जपून धरावं लागे. सत्यमनं चादरीचं जड टोक स्वतःकडे घेतलं.

पडेगावला तळ्याच्या बांधावर भागूबाई मावशी पदर खोचून उभी होती. “अगं बाई, एवढा मोठा व्हय! घरात मावला कसा गं?”

“नव्हता मावत, मावशी,” मी म्हणाले.

साहेबराव पाण्यात थोडा वेळ जागेवरच थांबला. वळला, तोही दुमडून, सवयीनं. मग काच लागली नाही, तसा सरळ झाला आणि दिसेनासा झाला. मी पाण्याकडे बघत राहिले. डोळे भरले, ते पुसले नाहीत. सत्यम शेजारी येऊन उभा राहिला.

मग म्हणाला, “मामा बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, एका पोरीपायी चालता माल तळ्यात सोडलास.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, पोरीपायी नाही. पोरीपायी असतं, तर ती मला नाही म्हणाली की परत विकायला आणले असते.” तो पाण्याकडे बघत होता. “ती नाही म्हणाली... तरी आता विकणार नाही.”

“ती नाही म्हणेल, असं कुणी सांगितलं?”

त्याला समजायला वेळ लागला. मावशी भाकरी खायला हाका मारत होती. तो जागचा हलला नाही. “म्हणजे—?”

“म्हणजे मामांकडे मी येते. माझ्यामुळे रुसलेत, मीच बोलेन.”

“मामा लई भांडतो.”

“मी पण,” मी म्हणाले, आणि माझा ओला हात त्याच्या हातात दिला.