शून्य वॅटवरची ज्योत

उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाणी-माती तपासणी प्रयोगशाळेत विद्युल्लता पुन्हा कामाला यायला लागली, तेव्हा तिच्याशी काय बोलावं हेच कुणाला कळेना. दिवाळीच्या तोंडावर तिची भैरवी मेंदूज्वराने गेली होती. अकरा वर्षांची पोर. श्वासयंत्राचा आधार हळूहळू कमी करत नेऊ, आता हातात काही नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिचा नवरा मार्तंड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ‘करा’ हा शब्द विद्युल्लतेलाच उच्चारावा लागला.

आता ती दिवसभर यंत्रात डोकं घालून बसायची. विणकरांच्या वडगावातल्या विहिरींचं पाणी आलं होतं. साड्यांच्या रंगातून त्यात शिसं उतरलंय का, ते बघायचं होतं. पाण्याचे तुषार प्लाझ्माच्या ज्योतीत सोडायचे आणि त्या उजेडात कुठला धातू चमकतो ते वाचायचं. ज्योत म्हणायची एवढंच, आग नव्हे ती. क्वार्ट्झच्या नळीतून आर्गॉन वायू वाहतो आणि बाहेरच्या तांब्याच्या वेटोळ्यातली वीज त्याला पेटता ठेवते. वीज वाढवली की धातू जास्त चमकतात, पण मागचा झगमगाटही वाढतो. कमी केली की ज्योत आक्रसते, फारच कमी केली की विझते. शिसं नेमकं कुठे स्वच्छ दिसतं ते ठरवायला त्या दुपारी ती वॅट उतरवत चालली होती. शेजारी तिचा मदतनीस कुमार होता, वडगावच्याच विणकराघरचा.

हजारावर ज्योत स्थिर होती. आठशेला बारीक झाली. सहाशेच्या खाली एरवी ती फडफडून जायची.

गेली नाही.

“नळी नवी आहे काय रे?”

“व्हय आक्का. सकाळीच बदललो की.”

तिने आणखी उतरवलं. यंत्राच्या खिडकीच्या काळ्या काचेपलीकडे ज्योत करंगळीएवढी उरली आणि हलायला लागली. वर, खाली. जरा अडखळून पुन्हा वर. वायूची सूं सूंही तिच्याबरोबर चढत-उतरत होती.

“पंपाचा हिसका असेल,” विद्युल्लता म्हणाली. पण ही लय तिने तळहाताखाली, एका लहानशा छातीवर रात्रंदिवस मोजली होती.

कुमारने नमुन्याचं पाणी ओढणारा पंप थांबवला. काही फरक पडला नाही.

“बंदच करूया आक्का.”

“कर,” ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

कुमारने वीज शून्यावर आणली. वायूची चावी आवळली. सूं सूं थांबली. बाहेर कुठल्याशा कारखान्यात लोखंडावर घण पडत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

ज्योत तांदळाएवढी झाली होती. वर. खाली.

“शून्य हाय, आक्का. वायू बी न्हाय. मग ह्ये कशावर जळतंय?”

दवाखान्यातही शेवटी, सगळं उतरवून झाल्यावर, भैरवीची छाती पुष्कळ वेळ हलत राहिली होती. ‘पुन्हा वाढवा’ एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नव्हती.

तिने कुमारला बाजूला ढकललं, वायू सोडला आणि वीज चढवली. तीनशे. सहाशे.

“आक्का, नको!”

“राहू दे तिला. राहू दे रे.”

हजार.

ज्योत विझली.

कुमारने मेन स्विच पाडला. विद्युल्लतेने यंत्राचं दार उघडलं. नळी निवायला एरवी बराच वेळ लागतो. तिने बोट टेकवलं. विहिरीच्या पाण्यासारखी गार लागली.

काचेवर श्वास सोडल्यावर धरते तशी नळीला आतून वाफ धरली होती. बघता बघता ती विरली.

मग पुन्हा धरली.