अस्वलघळ

मिसराला दावरच्या दवाखान्यात जिवंत पोचवायचं, एवढंच आमचं काम होतं. माझी धाकटी बहीण ती. आदल्या दुपारपासून कळा देत होती आणि बाळ आडवं आलेलं. तीन दिवसांच्या बर्फानं रस्ता गाडला गेला होता. उजाडताच तिला खाटेवर बांधून चौघांनी खांद्यावर घेतलं: मी, तिचा नवरा बशारत, शेजारचा याकूब आणि साठ हिवाळे ही वाट तुडवलेला सुबहान काक.

अस्वलघळीपाशी काकनं आम्हाला थांबवलं. ओलांडायला पन्नास पावलं. वर पांढरा उभा उतार, खाली किशनगंगा नदी. त्यानं काठी खुपसली. वरचा पापुद्रा कटकन फुटला आणि काठी मुठीपर्यंत आत गेली.

"खाली सगळा रवा आहे. एकेकानं जायचं, ऊन लागायच्या आत."

"आणि खाट?" याकूबनं विचारलं.

"खाटेचे पाय तोड. दोरानं घसरत ओढून घेऊ."

याकूबनं कुऱ्हाड उचलली तसा बशारत आडवा आला. "माझी बायको काय ओंडका आहे? आमच्याकडे मेलेल्यालासुद्धा चार खांदे देतात."

"मग मरू दे तिला, देऊ खांदे," मी म्हणालो.

त्यानं माझी मानगूट धरली, मी त्याच्या पोटात गुडघा घातला. दोघंही बर्फात लोळलो.

"भांडा तुम्ही," खाटेवरून मिसरा कण्हत म्हणाली, "मी इथंच मरते."

काकनं बशारतच्या पाठीत काठी हाणली, तेव्हा कुठं खाटेचे पाय तुटले. पण या तमाशात अर्धा तास गेला होता आणि कड्याच्या माथ्यावर ऊन उतरलं होतं.

मी पुढचा दोर घेऊन घळ ओलांडली. मग याकूब, मग काक. आम्ही तिघांनी खाट ओढली. मागचा दोर बशारतच्या कमरेला होता. खाट पोचताच काकनं त्याचं खाटेकडचं टोक सोडून बर्फावर मोकळं टाकलं आणि हात वर केला. थांब! मी सांगेन तेव्हा ये!

तेवढ्यात मिसरानं किंकाळी फोडली. बशारत धावत सुटला.

धप्प! उतार जागच्या जागी बसला. वर एक काळी चीर सरसरत गेली. बर्फाची भिंत सुटली. बशारत दोन हात मारताना दिसला, मग दिसेना. वाऱ्याच्या तडाख्यानं मी पाठीवर आपटलो, तोंडात, नाकात, डोळ्यांत बर्फ!

धुरळा बसला. घळीची डावी बाजू खाली आली होती. उजवी अजून वरच लटकत होती.

"एकानंच जायचं. मी वर नजर ठेवतो," काक म्हणाला.

मी खाटेला बांधलेलं फावडं घेऊन घुसलो. दोराचं हातभर टोक वर होतं. दोर धरून खणत गेलो, विटेसारखं घट्ट बर्फ फोडत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. फावड्याचा दांडा मोडला. मग नखांनी उकरलं. रक्त आलं. उजव्या बाजूकडे मी एकदाही पाहिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

तोंडासमोर धरलेले त्याचे हात आधी लागले. चेहरा निळा. मी घशात बोट घालून बर्फ काढलं. तो ओकला, माझं बोट कडकडून चावला आणि श्वास घेऊ लागला. मांडीचं हाड मोडलं होतं. बगलेत हात घालून मी त्याला ओढत बाहेर आणलं, तो गुरासारखा ओरडत होता.

खाट एकच होती.

"तिला न्या," बशारत म्हणाला. "ओढत न्या, कशीही न्या."

याकूबनं त्याला खडकाच्या आडोशाला नेलं, फेरनच्या ढगळ झग्याखाली आपली निखाऱ्यांची कांगडी दिली आणि तिथंच राहिला. मी नि काकनं दोर खांद्यावर घेतला.

"बशारत कुठंय?" वाटेत शुद्धीवर येत मिसरानं विचारलं.

"येतोय मागून. चालतोय की चांगला," मी म्हणालो.

दोन तासांनी आम्ही दावर गाठलं. डॉक्टरांनी पोट फाडून मुलगी काढली, दोघीही वाचल्या. दावरच्या माणसांनी संध्याकाळी बशारतला आणून तिच्या शेजारच्या खाटेवर टाकलं.

मिसरानं त्याचा लाकडी पट्ट्यांत बांधलेला पाय पाहिला. मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकलो. अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून तिनं माझ्या कानाखाली आवाज काढला.

नीट लागलंही नाही. मी म्हणालो, "बरी झालीस की अजून एक दे."